व्हिडिओ टेपची साठ वर्षं आणि आजीची कॅसेट



आज तुमच्या घरातल्या एका खोक्याबद्दल बोलायचं आहे. बेसमेंटमध्ये, गराजच्या वरच्या फळीवर किंवा पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात ते नक्की असेल. त्यात काळ्या व्हीएचएस कॅसेटी असतील, तळहातावर मावणाऱ्या हँडीकॅमच्या टेप असतील, एखादी छोटी डीव्हीडी असेल आणि कशाची ते आता कोणालाच आठवत नाही अशी एक वायर असेल. कॅसेटींवर घाईघाईत लिहिलेलं असेल: ‘बारसं’, ‘आई-बाबा नायगारा’, ‘गणपती ९८, नाटक’. “एकदा निवांत बसून हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय,” असं तुम्ही गेली पंधरा वर्षं म्हणत असाल. मीही म्हणत होतो.

मी आयटीमध्ये सल्लागार आहे. जुन्या सिस्टिममधली माहिती नव्या सिस्टिममध्ये नेणं हे माझं पोटापाण्याचं काम. लोकांची माहिती मी ठरल्या तारखेला हलवून देतो, घरची मात्र तशीच पडून राहिली होती. म्हणून आज तुम्हाला व्हिडिओ रेकॉर्डिंगचा थोडा इतिहास सांगणार आहे. तो कळला की खोक्यातली कुठली वस्तू आधी उचलायची, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

पण आधी डोंबिवलीतली एक गोष्ट.

साल १९९२. मी बारा वर्षांचा होतो. माझे काका तेव्हा न्यू जर्सीत राहायचे. त्यांनी नवीन व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि नवं घर, काकू आणि माझा तीन वर्षांचा चुलतभाऊ यांचं शूटिंग केलं. मग त्याची व्हीएचएस कॅसेट करून ओळखीच्या माणसाबरोबर आजीला पाठवली. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. बाबांनी व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी भाड्याने आणला. शेजारपाजारचे जमले, चहा झाला, आजी सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसली. कॅसेट आत गेली आणि पडद्यावर नुसते आडवे पट्टे धावायला लागले. मधूनच कोणाचा तरी हात दिसायचा, खिडकीचा तुकडा दिसायचा, की पुन्हा पट्टे. आवाज येत होता, पण जाड आणि संथ. आजीने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “पोराला सर्दी झालीय का रे? असा काय आवाज येतोय?”

दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाल्याने कॅसेट उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं, “ही अमेरिकेची कॅसेट आहे. आपल्याकडे चालायची नाही.” आजीने ती एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. “कधीतरी चालेल,” म्हणाली. ती १९९७ मध्ये गेली. तिच्या हयातीत कॅसेट काही चालली नाही.

असं का झालं, ते इतिहासात शिरल्यावर कळतं.

व्हिडिओ टेपचा जन्मच मुळी दोन ठिकाणच्या वेळेच्या फरकातून झाला. तुम्हीआम्ही रोज मनातल्या मनात जो हिशोब करतो, की आता तिकडे किती वाजले असतील, तोच प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकन टीव्ही कंपन्यांपुढे होता. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळच्या बातम्या सुरू व्हायच्या तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये दुपार असायची. मग टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा, फिल्म घाईने धुवायची आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यावर दाखवायची. चित्र पुसट यायचं आणि फिल्मचा खर्च प्रचंड.

आवाजासाठी चुंबकीय टेप तेव्हा होती. मग चित्र तिच्यावर का घेता येईना? कारण चित्रात आवाजाच्या शेकडो पट माहिती असते. तेवढी माहिती लिहायची तर टेप भयंकर वेगाने पळवावी लागणार. बीबीसीने १९५० च्या दशकात तसं करूनही पाहिलं. त्यांच्या ‘व्हेरा’ नावाच्या यंत्रात टेप सेकंदाला २०० इंच, म्हणजे पाच मीटरहून जास्त वेगाने धावायची. वीस इंची चाकभर टेप जेमतेम पंधरा मिनिटांत संपायची.

तोडगा काढला कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीने. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने वेगळा विचार केला: टेप पळवायची कशाला, वाचणारं-लिहिणारं हेडच गरगर फिरवू या. या गटात रे डॉल्बी नावाचा एक तरुण होता. पुढे सिनेमाच्या आवाजाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तेच हे डॉल्बी. दोन इंच रुंदीची टेप सेकंदाला फक्त १५ इंच सरकत होती आणि तिच्यावरून आडवी फिरणारी चार हेडं मिनिटाला १४,४०० फेरे घेत होती. एप्रिल १९५६ मध्ये शिकागोच्या प्रसारकांच्या परिषदेत हे यंत्र दाखवलं गेलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने न्यूयॉर्कच्या बातम्या टेपवर घेऊन पश्चिम किनाऱ्याला त्यांच्या वेळेनुसार दाखवल्या. यंत्राची किंमत सुमारे ४५ हजार डॉलर आणि आकार एखाद्या मोठ्या टेबलाएवढा.

पुढे तीच कल्पना लहान होत घरात आली. हेड आडवं फिरवण्याऐवजी ते एका तिरक्या ड्रमवर बसवलं आणि टेप त्या ड्रमभोवती गुंडाळली. त्यामुळे टेपवर तिरक्या रेघा उमटतात आणि एकेका रेघेत चित्राचा एकेक भाग बसतो. व्हीसीआर सुरू केल्यावर ‘घुर्र’ असा आवाज यायचा, आठवतोय? तो त्या ड्रमचा. अमेरिकन व्हीएचएस मशीनमध्ये ड्रम मिनिटाला जवळजवळ १,८०० फेरे घेतो. केसाहून बारीक रेघांवरून हेड बरोबर जावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या खोक्याचं सगळं भवितव्य या ड्रमवर आहे. टेप कितीही चांगली असो, ड्रम फिरवणारं मशीन नसेल तर ती नुसती प्लॅस्टिकची पट्टी.

१९७५ मध्ये सोनीने बेटामॅक्स आणलं आणि १९७६ मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस. दोन्हींची टेप अर्धा इंच रुंद, पण कॅसेटचा आकार वेगळा, एकाची दुसऱ्यात जात नाही. एमबीएच्या वर्गात ही स्पर्धा हमखास शिकवतात. आम्हालाही शिकवली होती. बेटामॅक्सचं चित्र थोडं सरस मानलं जायचं, पण सुरुवातीला तिच्यात एकच तास मावायचा. व्हीएचएसमध्ये दोन तास, म्हणजे अख्खा सिनेमा. शिवाय जेव्हीसीने आपलं तंत्र इतर कंपन्यांना मोकळ्या हाताने वापरू दिलं. १९८८ मध्ये सोनीनेही व्हीएचएस मशीन बनवायला घेतलं आणि निकाल लागला. वर्गात हा धडा बाजारपेठेचा म्हणून शिकवतात. मला आता त्यात दुसरंच दिसतं: ज्यांनी मुलांची पहिली पावलं बेटामॅक्सवर घेतली, त्यांचं काय झालं असेल? हरलेल्या फॉरमॅटबरोबर त्या घरातलं बालपणही अडकून पडलं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. सुरुवातीला कॅमेरा हातात आणि रेकॉर्डर खांद्याच्या पट्ट्याला लटकवलेला, अशी हमालीच होती. १९८३ मध्ये सोनीने बेटामूव्ही आणला. त्यात कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत होते, पण तो फक्त रेकॉर्ड करायचा, घेतलेलं दाखवू शकत नव्हता. १९८४ मध्ये जेव्हीसीने छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटचा कॅमेरा काढला. ‘बॅक टू द फ्यूचर’ सिनेमात दिसतो तोच. ही छोटी कॅसेट एका मोठ्या सांगाड्यात घालून घरच्या व्हीसीआरमध्ये लावता यायची. १९८५ मध्ये सोनी आठ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर आली, तिचं नाव व्हिडिओ-८. १९८९ मध्ये हँडीकॅम इतका लहान झाला की जाहिरातीत त्याला पासपोर्टच्या आकाराचा म्हटलं जाई. त्याच सुमारास जास्त स्पष्ट चित्राची हाय-८ आली. काकांचा कॅमेरा व्हिडिओ-८ चा होता.

आता डोंबिवलीतल्या त्या पट्ट्यांचं कारण. अमेरिकेत घरातली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, भारतात आणि युरोपात ५० ची. टीव्हीची पद्धत त्या त्या देशात विजेशी मेळ घालून ठरली. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत चित्र ५२५ ओळींचं आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. पाल पद्धतीत ६२५ ओळी आणि २५ चित्रं. भारतात रंगीत टीव्ही १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी आला आणि तो पाल पद्धतीने. कॅसेटचा डबा दोन्हीकडे सारखाच, मशीनमध्ये बसते पण बरोबर, आत लिहिलेलं मात्र वेगळं. लिपी तीच पण भाषा वेगळी, असं समजा. भाड्याच्या त्या व्हीसीआरने सेकंदाला २५ चित्रांच्या हिशोबाने टेप ओढली. ती होती ३० च्या हिशोबाने लिहिलेली. म्हणजे टेप हळू चालली आणि तीन वर्षांच्या मुलाचा आवाज घोगरा झाला. आजीला ऐकू आलेली ‘सर्दी’ ती हीच.

तुमच्या खोक्यात याच्या उलटही असणार. भारतात झालेल्या लग्नाची कॅसेट पालची असते, ती इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये चालत नाही. कॅसेट बिघडली असं समजून ती फेकलीत, तर मोठी चूक कराल.

या जुन्या टेपांना ॲनालॉग म्हणतात. त्यांचा एक दोष असा, की प्रतीची प्रत काढत गेलं तर प्रत्येक वेळी चित्र थोडं फिकट होतं, रंग पसरतात. आणि दुसरा दोष टेपचा नव्हे, आपला: टेप पुसून पुन्हा वापरता येते. काकांनी तेच केलं. कॅसेट आजीला पाठवली, आता मूळ टेपचं काय काम, म्हणून तिच्यावर पुढचं शूटिंग घेतलं. त्यांना हसू नका. नासानेही तेच केलं. १९६९ मध्ये अपोलो-११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हाचा मूळ सिग्नल ज्या टेपांवर घेतला होता, त्या पुढे बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये शोधाशोध करून काढला. आज आपण चंद्रावरची जी सुधारलेली दृश्यं पाहतो, ती इतरत्र उरलेल्या प्रसारणाच्या प्रतींवरून तयार केली आहेत. मूळ गेलं, लांब पडलेल्या प्रती वाचल्या. हे वाक्य मनात राहू द्या.

१९९५ मध्ये मोठा बदल झाला. डीव्ही नावाचा डिजिटल फॉरमॅट आला आणि त्याची छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. टेप तीच चुंबकीय, ड्रम तसाच फिरणारा, पण टेपवर आता आकडे लिहिलेले होते, सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट. आकड्यांची प्रत मूळ आकड्यांइतकीच खरी असते, ती फिकट होत नाही. त्याच वर्षी फायरवायर जोडणीचं मानक मंजूर झालं. ॲपलने त्यात पुढाकार घेतला होता आणि सोनी तिला आय-लिंक म्हणायची. कॅमेरा फायरवायरने कॉम्प्युटरला जोडला की टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरायचे. प्रत्येक चित्रासोबत नोंदलेली तारीख आणि वेळसुद्धा यायची. १९९९ मध्ये ॲपलने आयमॅक डीव्हीबरोबर आयमूव्ही दिलं आणि घरबसल्या एडिटिंग करणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. फक्त एक अडचण होती. तासाभराच्या डीव्ही टेपला सुमारे १३ जीबी जागा लागायची आणि त्या आयमॅकची साधी डिस्कच १० जीबीची. म्हणून लोक तुकडा उतरवायचे, एडिट करायचे, परत टेपवर लिहायचे आणि डिस्क रिकामी करायचे. त्यामुळे कित्येक घरांत आजही मूळ चित्रण फक्त टेपवरच आहे.

यानंतर टेप मागे पडायला लागली. आधी आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे आले, मग हार्ड डिस्कचे. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने मिळून एव्हीसीएचडी आणलं आणि हाय डेफिनिशन चित्र छोट्या मेमरी कार्डवर बसायला लागलं. कार्ड काढा, कॉपी करा, झालं. तासाच्या टेपला तासभर बसून राहायची गरज संपली. पण अनेकांना तेव्हा एक कोडं पडलं होतं: फाइल लहान आहे, मग एडिट करताना कॉम्प्युटर अडखळतो का?

याचं उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असतं. जणू वहीत रोज पूर्ण शिल्लक लिहिलेली आहे. कुठलंही पान उघडा, शिल्लक समोर. एव्हीसीएचडीमध्ये एक चित्र पूर्ण आणि पुढच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं एवढंच लिहितात. वही छोटी होते, पण सतरा तारखेची शिल्लक हवी तर पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. एडिटिंगमध्ये तुम्ही मध्येच कापता, तेव्हा कॉम्प्युटर ही बेरीज करत बसतो. म्हणून एडिटिंगपूर्वी अशा फाइलचं रूपांतर, प्रत्येक चित्र पूर्ण असलेल्या मोठ्या फाइलमध्ये करून घ्यायची पद्धत पडली.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू या. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. आत कुठली भाजी आहे, ते डब्यावरून कळत नाही. भाजी म्हणजे कोडेक, चित्र दाबून बसवण्याची रीत: डीव्ही, एमपेग-२, एच.२६४ किंवा हल्लीच्या फोनमधलं एचईव्हीसी. “एमपी४ आहे, पण चालत नाही,” असं कोणी म्हणालं, तर डबा ओळखीचा आहे आणि भाजी अनोळखी, एवढंच समजायचं.

आणि मग फोन आला. आता वेगळा कॅमेरा कोणी घेत नाही. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती शेवटची उरलेली कंपनी होती. १९५६ ते २०१६, बरोबर साठ वर्षं. आता जगात नवा व्हीसीआर तयार होत नाही. जे आहेत ते झिजत चालले आहेत. फायरवायरचा पूलही तुटत आलाय. नव्या कॉम्प्युटरवर ती जोडणी नसतेच आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने तिचा आधार काढून टाकला.

म्हणजे मंडळी, या सगळ्या इतिहासाचा एका ओळीतला अर्थ असा: चित्र म्हातारं होण्याआधी ते वाचणारं मशीन म्हातारं होतं. टेप अजून चांगली आहे, म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

तर मग कामाला कसं लागायचं? मी ज्या क्रमाने केलं, तो सांगतो.

सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेट पुसली जाणार नाही याची सोय करा. व्हीएचएसच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती मोडून टाका. लहान टेपांवर सरकणारा खटका असतो, तो बंद करा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आता काही पुसलं जाणार नाही. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालूच नका. तिने हेडही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्या.

मग ढीग करा. भारतातल्या पाल कॅसेटी वेगळ्या, इथल्या वेगळ्या. मिनीडीव्ही असेल तर ती वाजवणारा कॅमेरा आणि फायरवायर असलेला जुना कॉम्प्युटर मिळवा आणि आकडे जसेच्या तसे उतरवा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने उतरवलंत तर डिजिटल टेपचं आधी ॲनालॉग होतं, मग परत डिजिटल. घरात फिल्टर असताना पाणी आधी मातीत ओतून मग गाळल्यासारखं ते होईल. व्हिडिओ-८ आणि हाय-८ असेल तर सोनीच्या डिजिटल-८ कॅमेऱ्याचा शोध घ्या. त्याची बरीच मॉडेलं या जुन्या टेप वाचतात आणि थेट फायरवायरमधून डिजिटल करून देतात. व्हीएचएसला मात्र व्हीसीआर आणि चित्र पकडणारं एखादं उपकरण लागेल. तिथे शक्य तेवढं कमी दाबलेलं चित्र साठवा. नंतर लहान करता येतं, मोठं करता येत नाही.

छोटी डीव्हीडी असेल तर ती त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ झाली आहे का ते बघा, नाहीतर दुसरीकडे रिकामी दिसेल. रिकामी दिसते म्हणून टाकू नका. एव्हीसीएचडीचं कार्ड असेल तर एकेक फाइल वेचू नका, सगळं फोल्डर तसंच्या तसं घ्या. लांबलचक शूटिंगचे कार्डवर तुकडे झालेले असतात आणि ते कसे जोडायचे याची नोंद त्या फोल्डरमध्ये असते.

कॉम्प्युटरवर हलत्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. जुना टीव्ही एकदा विषम आणि एकदा सम ओळी दाखवायचा, त्याचा तो माग आहे. मूळ फाइल तशीच ठेवा. बघायच्या प्रतीत त्या काढता येतात.

काम दुकानात द्यायचं असेल तर दोनच गोष्टी पक्क्या करा. नुसती डीव्हीडी घेऊ नका, मोठी फाइल मागा. आणि मूळ टेप परत घ्या. ही चूक मी स्वतः केली. आमच्या साखरपुड्याच्या मिनीडीव्ही टेपवरून डीव्हीडी करून घेतल्या आणि आता काय गरज, म्हणून टेप टाकून दिल्या. चार वर्षांनी डीव्हीडी चौकोनांत फुटायला लागली. दुकानदाराने सांगितलं तेवढंच केलं होतं. विचारलं नाही ते मी.

शेवटी, तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमच्या धंद्यात हा ३-२-१ चा नियम आहे. आपल्याकडे तर सोय आहेच: एक डिस्क भारतात भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवून द्या. आणि फोनवरचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणजे सुरक्षित झाले, असं समजू नका. तिथे पोचते ती दाबलेली प्रत. मूळ तुमच्या फोनमध्ये आहे आणि फोन कधी पाण्यात पडेल याचा नेम नाही.

आता आजीच्या कॅसेटकडे परत येतो.

२०१४ मध्ये आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायला मी गेलो होतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात साडीचा तो तुकडा सापडला, आत कॅसेट. मी ती बॅगेत घालून इकडे आणली. वर्षभर ती माझ्याही बेसमेंटमध्ये पडून होती, हे कबूल करतो. मग एका गराज सेलमध्ये दहा डॉलरला व्हीसीआर मिळाला. मी काकांना फोन केला. ते एकटेच आले. काकू २००९ मध्ये गेली होती.

अमेरिकेची कॅसेट, अमेरिकेचं मशीन. बावीस-तेवीस वर्षांनी ती सरळ चालली. रंग थोडे उडाले होते, तळाशी एक पट्टा थरथरत होता, बाकी सगळं स्वच्छ. काकू घर दाखवत होती. “आई, हे बघा स्वयंपाकघर. ओटा असा मध्येच आहे इथे.” मग फ्रिज उघडून आतलं सगळं दाखवलं, आजीची खात्री पटावी म्हणून, की इथेही दही लागतं आणि कोथिंबीर मिळते. माझा चुलतभाऊ मध्ये मध्ये करत होता. त्याचा आवाज अगदी बारीक. सर्दी-बिर्दी काही नव्हती.

काका काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे काकूचे फोटो भरपूर होते, पण आवाज एकाही टेपवर उरला नव्हता. कधी हे, कधी ते, असं वर वर रेकॉर्ड करत सगळं पुसलं गेलं होतं. तिचा आवाज वाचला तो फक्त या कॅसेटवर, आणि ती वाचली कारण ती डोंबिवलीला गेली, तिथे कोणाला चालवता आली नाही आणि तरीही आजीने टाकून दिली नाही.

कॅसेट संपल्यावर काका म्हणाले, “जरा मागे घे. ते दह्याचं परत लाव.”

त्या रात्री मी कॅसेट उतरवली आणि तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक पुण्यात बहिणीकडे.

तर मंडळी, या शनिवार-रविवारी ते खोकं खाली काढा. सगळं एकदम करायचं नाही. एकच कॅसेट घ्या. जिच्यावर आता नसलेल्या कोणाचा तरी आवाज आहे, ती आधी. मशीन मिळत नसेल तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर विचारा, कोणाच्या तरी गराजमध्ये चालणारा व्हीसीआर नक्की निघेल. आणि उतरवून झालं की घरच्या सगळ्यांना बोलवून एकदा बघा.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत नमस्कार.